इंजिनाचं राहू द्या, टाकीचं बोला

मोटारीच्या उत्पादनखर्चाचा महाराष्ट्रात सगळ्यात सखोल अभ्यास कुणी केला असेल, तर तो मारुतीच्या ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्यांनी. रात्री गाडीखाली शिरायचं, सायलेन्सर सोडवायचा, आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली ‘माती’ झाडून घ्यायची आणि पसार व्हायचं. त्या मातीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले धातू असतात. 2021च्या मार्चमध्ये एकट्या ऱ्होडियमचा भाव औंसाला 29 हजार डॉलरच्या घरात गेला होता, म्हणजे सोन्याच्या पंधरा पटींहून जास्त. सकाळी मालक किल्ली फिरवतो, गाडी अख्ख्या सोसायटीला जागं करते आणि मग पोलीस चौकीची वाट.

या सगळ्यात अपमान होतो तो इंजिनाचा. चोर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ओतीव ब्लॉक, घडीव क्रँकशाफ्ट, मायक्रॉनच्या हिशेबात घासलेले बोअर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, इंजेक्टर. शेकडो सुट्या भागांचं हे यंत्र मिनिटाला हजारो स्फोट पोटात घेतं आणि तरी वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. भंगारवाल्याकडे नेलं तर भाव किलोवर. 2008 साली टाटांनी नॅनो दाखवली तेव्हा चाकं, काचा, सीट आणि 624 सीसीचं इंजिन असा सगळा ऐवज लाखाच्या बोलीवर होता. त्या लाखातला इंजिनाचा वाटा किती असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

एवढं किचकट यंत्र एवढं स्वस्त कसं? जर्मनीत निकोलाउस ओटोनं चार स्ट्रोकचं इंजिन 1876 साली चालवून दाखवलं. तेव्हापासून दीडशे वर्षं जग तेच इंजिन पुन्हापुन्हा बनवतंय. आपल्याकडे शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या ओततात, मुंढव्याला घडवतात, भोसरीच्या शेडमध्ये मशिनिंग होतं. डाय कधीच वसूल झाल्यात, मशिनचं कर्ज फिटलंय, कामगाराच्या हाताला डोळ्यांची गरज उरलेली नाही. तरीही मोठ्या कंपनीचा पर्चेसवाला दरवर्षी येऊन ‘कॉस्ट डाउन’ मागतोच. व्हेंडर रडतो, शिव्या देतो आणि सायकल टाइममधले चार सेकंद कुठून तरी खरवडून काढतो. पेट्रोल इंजिन स्वस्त आहे ते या खरवडण्यामुळे.

भोसरीच्या कुठल्याही शेडमध्ये नवं ड्रॉइंग घेऊन जा. शेठ चहा मागवतील, ड्रॉइंग उलटंसुलटं बघतील आणि एकच प्रश्न विचारतील, ‘‘क्वांटिटी किती?’’ महिन्याला पन्नास म्हणालात तर एक रेट, पन्नास हजार म्हणालात तर दुसरा, आणि ‘सध्या सॅम्पलचे दोनच हवेत, पुढे खूप मोठी ऑर्डर आहे’ म्हणालात तर चहा अर्धाच येतो. अमेरिकेत थिओडोर राइट नावाच्या विमान-अभियंत्यानं 1936 साली हेच गणितात मांडलं: एकूण उत्पादन दुप्पट झालं की नगामागचा खर्च ठरावीक प्रमाणात उतरतो. शेठनी राइटचा शोधनिबंध वाचलेला नाही. तशी गरजही नाही.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. एकीकडे पेट्रोल इंजिन, ज्याचा खर्च बिलावर छापलेला आहे. दुसरीकडे नवं, क्रांतिकारी, जगाला वाचवणारं इंजिन, ज्याचा खर्च ‘वर्षाला दहा लाख नग बनले तर’ या अटीवर स्लाइडमध्ये आहे. स्थळ सुचवताना एका मुलाची पगाराची स्लिप पुढे करावी आणि दुसऱ्याचा ‘लवकरच होणारा’ पगार सांगावा, तशी ही तुलना. आणि गंमत म्हणजे दर वेळी दुसऱ्याच मुलाचे फोटो व्हायरल होतात.

या जातीतला सगळ्यात देखणा मुलगा म्हणजे व्हँकेल. फेलिक्स व्हँकेल या जर्मन माणसानं पिस्टनची वर-खाली कवायतच रद्द केली. तीन कोनांचा एक रोटर लंबगोल पोकळीत गरगर फिरतो, तो फिरतानाच हवा घेतो, दाबतो, पेटवतो, धूर बाहेर टाकतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाहीत. एका रोटरच्या इंजिनात हलणारे मुख्य भाग दोन. वजन कमी, आकार छोटा, थरथर जवळपास नाही. भाग कमी म्हणजे खर्च कमी, हे तर पाचवीतल्या पोरालाही कळतं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांना जे कळायचं होतं ते पाचवीच्या पलीकडचं होतं.

एनएसयू या जर्मन कंपनीनं 1967 साली व्हँकेल इंजिनाची आरओ 80 बाजारात आणली. दिसायला अशी की 1968 सालची युरोपातली सर्वोत्तम मोटार ठरली. मग गिऱ्हाइकं परत येऊ लागली, इंजिन घेऊन. रोटरच्या तिन्ही टोकांना सील असतात. ते झिजायचे, वायू गळायचे, इंजिनाचा दम जायचा. कंपनी वॉरंटीत इंजिन बदलून द्यायची. आणि पुन्हा बदलून द्यायची. रस्त्यात दोन आरओ 80 समोरासमोर आल्या की मालक एकमेकांना बोटं दाखवायचे, हे कितवं इंजिन ते कळावं म्हणून, असा किस्सा मोटारवाल्यांत अजून सांगतात. 1969 साली एनएसयूला फोक्सवॅगननं पदरात घेतलं आणि ऑडीला जोडून टाकलं. मोजक्या हलत्या भागांच्या स्वस्त इंजिनानं अख्खी कंपनी विकायला लावली.

खर्च कुठे लपला होता? भाग मोजणाऱ्यांनी भाग मोजले, पण त्या विचित्र आकाराच्या पोकळीची आतली भिंत मोजली नाही. ती घासायला वेगळं मशिन, तिला मुलामा द्यायला वेगळी प्रक्रिया, सीलसाठी वेगळा धातू, आणि या प्रत्येक गोष्टीचं शहाणपण शून्यापासून गोळा करायचं. पिस्टन रिंगांचं शहाणपण जगात कुठल्याही गल्लीत मिळत होतं. रोटरच्या सीलचं कुठेच नव्हतं. ते एनएसयूला गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून शिकावं लागलं, स्वतःच्या पैशानं.

यातून धडा घ्यावा तर जनरल मोटर्ससारखा. त्यांनी 1970 साली या इंजिनाचा परवाना 5 कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं, चार वर्षं खटपट केली आणि 1974 साली सगळं पुढे ढकललं ते कायमचं. तोवर तेलाचा भडका उडाला होता आणि व्हँकेल पेट्रोल पिण्यात कुणाला हार जात नाही, हेही उघड झालं होतं. बिचाऱ्या अमेरिकन मोटर्सनं जीएमकडून हे इंजिन येणार या भरवशावर पेसर नावाची गाडी आखली होती. इंजिन आलंच नाही. मग त्यात जुनं, लांबलचक सहा सिलिंडरचं धूड कसंबसं कोंबलं. एकटी मजदा अडून बसली. केनिची यामामोटो आणि त्यांच्या 47 अभियंत्यांनी सीलचा प्रश्न सोडवला, 1991 साली मजदानं ल मान्सची शर्यत जिंकली, आणि तरीही आरएक्स-8 ही गाडी 2012 साली बंद करावी लागली. शर्यतीच्या चषकावर नगामागचा खर्च कोरत नाहीत.

क्रायस्लरचं प्रकरण तर आणखी झोकात झालं. 1963पासून त्यांनी टर्बाइनवर चालणाऱ्या पन्नास मोटारी सामान्य अमेरिकन कुटुंबांना वापरून बघायला दिल्या, फुकट. घासलेट चाले, डिझेल चाले, मेक्सिकोत तर राष्ट्राध्यक्षांच्या आग्रहावरून टकीला घालून चालवली. इंधनाच्या बाबतीत इतकं निर्व्यसनी किंवा इतकं व्यसनी इंजिन पुन्हा झालं नाही. पण आतली पाती ज्या तापमानात फिरतात तिथे निकेलचे खास मिश्रधातूच टिकतात, आणि ते विमानाला परवडतात. विमानाचं तिकीट काढणारे बरेच असतात. प्रयोग संपल्यावर क्रायस्लरनं यातल्या बहुतेक गाड्या चेपून टाकल्या.

एवढ्यावर थांबलो असतो तर आपण परदेशी लोकांना हसतो असं वाटलं असतं. तेव्हा 2007 साल आठवा. टाटा मोटर्सनं एमडीआय या युरोपातल्या कंपनीशी करार केला, गाडी हवेवर चालवण्याचा. दाबलेली हवा टाकीत भरायची, ती पसरताना पिस्टन ढकलते, गाडी पळते, मागून थंड हवा येते. त्या काळी व्हॉट्सॲप नव्हतं, पण फॉरवर्ड होते, ईमेलनं. ‘टाटांची हवेवरची गाडी, शंभर रुपयांत मुंबई ते पुणे’ छापाचा मजकूर प्रत्येक ऑफिसात फिरला. 2012च्या मे महिन्यात कंपनीनं जाहीर केलं की पहिला टप्पा पूर्ण झाला. दुसरा टप्पा अजून हवेत आहे.

हवेचं इंजिन बनवायला महाग नाहीच. उलट त्यात आग नाही, स्पार्क नाही, कन्व्हर्टर नाही, चोरालाही काही मिळणार नाही. गोम टाकीत आहे. लिटरभर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते, तिचा शंभरावा भागही लिटरभर दाबलेल्या हवेत मावत नाही. मग टाकी मोठी करा, दाब वाढवा, दाब वाढला की भिंत जाड करा किंवा कार्बन फायबर गुंडाळा. इंजिनात वाचवलेला पैसा चालत जाऊन टाकीत बसतो.

हा पर्यायी इंजिनांच्या धंद्यातला सगळ्यात जुना हातचलाखीचा खेळ. प्रेक्षकाला इंजिन दाखवायचं आणि टाकी पाठीमागे धरायची. हायड्रोजनच्या फ्यूएल सेलमध्ये हलणारे भाग जवळपास नाहीतच, पण उत्प्रेरक प्लॅटिनमचा (चोरांनो, धीर धरा) आणि टाकी 700 बारची, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीनशे पट दाबाची. टोयोटाची मिराई 2014 साली जपानात आली तेव्हा किंमत 72 लाख येनांच्या वर होती. 2022च्या मार्चमध्ये आपले रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी मिराईच घेऊन संसदेत पोचले होते. फोटो सुंदर आला.

सीएनजीत तर इंजिन तेच जुनं, पेट्रोलचंच. जास्तीचे पैसे मुख्यतः सिलिंडर आणि किटचे. शिवाय डिकी गेली, ती किंमत कुठल्याच तक्त्यात नसते, गावाला निघताना बायको ती काढून दाखवते. इथेनॉलचं इंजिन या सगळ्यांत बनवायला स्वस्त. रबराचे सील बदला, इंजेक्टर बदला, एखादा सेन्सर घाला, झालं. उसाच्या पट्ट्यात त्याचे इतके चाहते का, हे इथे सांगत नाही. लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक-तृतीयांशाने कमी, एवढं मात्र सांगतो, कारण फलकावर ते लिहिलेलं नसतं.

याच्या उलट पेट्रोल इंजिन बघा. आत शेकडो भागांचा कारखाना आणि मागे टाकी म्हणून काय, तर प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा एक डबा. दाब नाही, थंड ठेवायला नको, रसायनशास्त्र नको. त्या डब्यातल्या एका लिटरात साधारण नऊ युनिट ऊर्जा. वीजबिलातलंच युनिट, तेच. तेवढी ऊर्जा बॅटरीत ठेवायची तर पॅक पन्नास-साठ किलोचा होतो. मोटर तेवढ्याच ऊर्जेत इंजिनाच्या तिप्पट काम काढते, हे तिचं मोठेपण मान्य. तरी डबा तो डबाच.

विजेच्या मोटारीच्या बाबतीत मला गप्प बसावं लागतं ते मात्र खरं. कारण इथे टाकी खरोखरच स्वस्त झाली. ब्लूमबर्गच्या संशोधकांच्या आकड्यांनुसार 2010 साली बॅटरी पॅकला युनिटमागे हजार डॉलरहून जास्त पडत होते, 2024 साली 115 डॉलर. ही किमया मोटारवाल्यांनी केली असं ते सांगतात. मी त्याबद्दल साशंक आहे. लिथियम-आयन बॅटरी सोनीनं 1991 साली बाजारात आणली ती व्हिडिओ कॅमेऱ्यासारख्या उपकरणांसाठी. मग लॅपटॉप आले, मग फोन. टेस्लाची पहिली रोडस्टर 2008 साली निघाली तेव्हा तिच्या पोटात लॅपटॉपमध्ये बसतात त्याच जातीचे 6,831 सेल एकत्र बांधलेले होते. म्हणजे मोटारीच्या टाकीचे पहिले काही कोटी नग मोटारवाल्यांनी नव्हे, तुमच्या-आमच्या घरातल्या पोरांनी विकत घेतले. एनएसयूला जे शिकायला कंपनी विकावी लागली, ते बॅटरीला ‘‘बाबा, माझा फोन स्लो झालाय’’ या एका वाक्यानं शिकवलं. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्या ज्या कार्ट्यांना आपण उधळे म्हटलं, त्यांनी जगाला बॅटरी परवडवून दिली. माफी मागायची गरज नाही, पण निदान आवाज खाली ठेवावा.

एवढं होऊनही गाडी शोरूममध्ये गेली की उत्पादनखर्च हा विषयच संपतो आणि करांचा सुरू होतो. विजेच्या मोटारीला जीएसटी 5 टक्के, पेट्रोलच्या छोट्या मोटारीला 2025च्या सप्टेंबरपर्यंत 28 आणि वर उपकर. त्याखेरीज विजेच्या दुचाक्यांना केंद्राचं अनुदान. ते 2021च्या जूनपासून बॅटरीच्या युनिटमागे 15 हजार होतं, 2023च्या जूनमध्ये 10 हजारांवर आणलं आणि किमतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंतची मुभा पंधरावर. एका रात्रीत स्कूटर महाग झाल्या. कारखान्यात एकही स्क्रू बदलला नव्हता. पुढे अनुदान 5 हजार झालं, मग अडीच. विक्रेता आपल्याला जो तक्ता दाखवतो, त्यात डावीकडे पेट्रोल आणि उजवीकडे वीज असं वाटतं. खरं तर डावीकडे अर्थमंत्रालय असतं आणि उजवीकडे अवजड उद्योग मंत्रालय.

त्यात गडकरींचं कॅलेंडर वेगळंच. विजेच्या गाड्या पेट्रोलच्या किमतीला येणार, हे ते मनापासून सांगतात आणि दर वेळी मुदतीसकट सांगतात. 2022च्या जूनमध्ये मुदत होती एक वर्ष. 2025च्या मार्चमध्ये सहा महिने. सहा महिने ही आपल्याकडे घोषणेची फार मानाची मुदत. त्या काळात लोक विसरतात आणि पत्रकारांची बदली होते. पण या सहा महिन्यांत नेमकं काय घडलं, ते बघण्यासारखं आहे.

एप्रिलमध्ये चीननं सात दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवान्याचं कुलूप लावलं. विजेच्या मोटरीतल्या ताकदवान चुंबकात यातलेच काही धातू चिमूटभर लागतात. मोटर स्वस्त, साधी, मोजके भाग, सगळं खरं. पण ती चिमूट चीनच्या डबीत. जुलैत बजाजच्या विजेवरच्या चेतक स्कूटरचं उत्पादन निम्म्यावर आलं आणि ऑगस्ट कदाचित शून्याचा महिना ठरेल, असं राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगून टाकलं. ऑगस्टच्या उत्तरार्धात थोडे चुंबक आले, स्कूटर पुन्हा निघू लागल्या. ज्या वस्तूचं वजन बिलावर लिहायचीही लाज वाटावी, तिनं कारखाना थांबवला. पेट्रोलच्या कारखान्यात असलं काही थांबलं असतं तर भोसरीतून टेम्पोनं दुपारपर्यंत आलं असतं. शिवाय त्याच कंपनीनं आदल्या वर्षी, 2024च्या जुलैत, पुण्यात गडकरींच्याच हस्ते जगातली पहिली सीएनजी मोटारसायकल काढली होती. कंपनीला नेमकं कशावर पैज लावायची आहे, असं विचारायची सोय नाही. जिथे टाकी परवडेल तिथे.

मग सप्टेंबर आला. मार्चपासून मोजलेले सहा महिने पुरे होत आले होते. विजेची गाडी खाली उतरून पेट्रोलच्या खांद्याला खांदा लावणार, एवढ्यात 22 सप्टेंबरला सरकारनं पेट्रोलच्या छोट्या मोटारी आणि 350 सीसीपर्यंतच्या दुचाक्या 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणल्या. एका सोमवारी पेट्रोलची स्कूटर जवळपास आठ टक्क्यांनी स्वस्त. विजेची तिथेच, पाच टक्क्यांवर. बॅटरीनं वर्षभर घाम गाळून जे अंतर कापलं होतं, ते जीएसटी कौन्सिलच्या एका बैठकीनं पुन्हा वाढवून दिलं. एका मंत्र्यानं शर्यतीची वेळ जाहीर केली आणि दुसऱ्यानं शेवटची रेषा उचलून पुढे नेली, एकाच सरकारात, एकाच वर्षात.

2025च्या ऑक्टोबरमध्ये गडकरींनी नवी मुदत दिली: चार ते सहा महिने. बोटांवर मोजलं तर एप्रिल 2026 उजाडत होता. एप्रिलमध्ये घोषणा करायचीच असेल तर पहिली तारीख तेवढी टाळावी.